खाऊची पुडी आणि तिच्यावरील अक्षरे

प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदन आटोपले, मुलांची भाषणे झाली, की शाळेत खाऊ वाटला जातो. पेण व रोहा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरील शाळांत हा खाऊ पुष्कळदा शिक्षकच आदल्या दिवशी बाजारातून घेऊन येतात. बिस्किटांचे पुडे, वेफर्सच्या पुड्या, चिक्की, क्वचित गोळ्या, असे त्याचे स्वरूप असते. पैसे बेताचे व मुले पुष्कळ, म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा असतो. आणि तो योग्यच आहे. तथापि त्या रांगेत एखादे मूल असे असू शकते, की ज्याला त्या खाऊतील एखादा पदार्थ मुळीच चालत नाही. ते मूल हात पुढे करते, कारण सर्वच मुले हात पुढे करतात.

अशा मुलाला खाऊच न देणे हा उपाय सोपा दिसतो. परंतु सर्व वर्ग खात असताना एकाने रिकाम्या हाताने बसावे, हे सणाच्या दिवशी त्याच्या मनाला लागल्यावाचून राहत नाही. उलट, ‘एवढ्याशाने काय होणार’ असे म्हणून त्याच्या हातावर पुडी ठेवणे हे त्याहून वाईट होय. त्यात प्राणावर बेतू शकते. या दोहोंच्या मधला मार्ग एकच आहे. पुडी विकत घेण्यापूर्वी ती वाचावी, आणि शक्यतो सर्वांनाच चालेल असा खाऊ निवडावा. हे काम खर्चाचे नाही, सवयीचे आहे. ती सवय शिक्षकांनी कशी लावून घ्यावी व मुलांना कशी लावावी, याचा विचार येथे केला आहे.

वावडे म्हणजे काय

ग्रामीण भाषेत ‘अमक्याला वांगे बाधते’, ‘तमक्याला कोळंबीचे वावडे आहे’ असे म्हणतात. वैद्यकशास्त्र ज्याला ॲलर्जी म्हणते, ती यांपैकी काही वावड्यांच्या मुळाशी असते, सर्वांच्या नव्हे. ॲलर्जीमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते व त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठणे, ओठ व डोळे सुजणे, पोटात कळ येऊन वांती होणे, घशात खरखर होऊन आवाज बसणे, धाप लागणे ही तिची लक्षणे होत. ती बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत दिसू लागतात. काही मुलांच्या बाबतीत पदार्थाचा कणही त्यास पुरतो.

दूध प्यायल्यावर पोट फुगणे किंवा जुलाब होणे हे पुष्कळदा दुधातील शर्करा न पचल्यामुळे घडते. ती ॲलर्जी नव्हे. तिखट खाऊन पोट दुखणे हीदेखील ॲलर्जी नव्हे. हा भेद अगत्याचा आहे. अंगाने आधीच किरकोळ असलेल्या मुलाचे दूध, अंडे किंवा डाळ निव्वळ शंकेवरून तोडणे म्हणजे त्याच्या वाढीवर घाला घालणे होय. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या वेळी असे मूल त्यांना आवर्जून दाखवावे. दुधाचे किंवा अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत वयाबरोबर नाहीसे होते. शेंगदाणा व कोळंबी यांचे वावडे बहुधा टिकून राहते. तेव्हा एकदा केलेली नोंद जन्मभराची समजू नये. डॉक्टरांकडून ती वेळोवेळी पडताळून घ्यावी. मात्र ‘आता चालते का पाहू’ म्हणून शाळेत किंवा घरी कोणीही परीक्षा घेऊ नये.

पुडीवर काय लिहिलेले असते

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 मध्ये झाला. त्याखाली 2020 साली वेष्टनावरील मजकुराविषयी जे विनियम निघाले, त्यांप्रमाणे वेष्टनबंद खाद्यपदार्थावर घटकांची यादी द्यावी लागते. ज्या घटकाचे वजन अधिक, तो यादीत आधी येतो. याशिवाय काही ठरावीक घटक पदार्थात असल्यास ते ‘कंटेन्स’, म्हणजे ‘यात आहे’, या शब्दापुढे वेगळे सांगावे लागतात. ते घटक असे: गहू, जव, राय, ओट यांसारखी ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकडा या वर्गातील प्राणी, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळे, सोयाबीन, आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट.

काही पुड्यांवर ‘मे कंटेन’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा, की तो घटक मुद्दाम घातलेला नाही. पण त्याच कारखान्यात किंवा त्याच यंत्रावर तो वापरला जात असल्याने त्याचा अंश आलेला असू शकतो. ज्या मुलाला त्या घटकाची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी हे शब्द ‘घेऊ नये’ असेच वाचावेत.

येथे शिक्षकाचे काम सुरू होते. नियमानुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा लागतो; इतर भाषा त्याच्या जोडीला वापरता येतात, पण त्यांची सक्ती नाही. परिणामी पुष्कळ पुड्यांवर घटकांची यादी बारीक इंग्रजी अक्षरांत असते. वाडीवरच्या आईला मुलाला काय बाधते हे नेमके ठाऊक असते; पण पुडीत काय आहे ते तिला वाचता येत नाही. शिक्षकाला वाचता येते. पण मुलाला काय बाधते हे त्याला ठाऊक नसते. ही दोन माणसे एकत्र बसली, की अर्धे काम झाले.

यादी वाचताना पुढील शब्दांकडे लक्ष ठेवावे. हे शब्द वर्गात फळ्यावर इंग्रजी अक्षरांतही लिहून दाखवावेत.

दूध: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर, चीज.
गहू: व्हीट, रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, सेमोलिना म्हणजे रवा, ग्लूटेन.
शेंगदाणा: पीनट किंवा ग्राउंडनट.
अंडे: एग, अल्ब्युमिन.
सोयाबीन: सोया, तसेच 322 या क्रमांकाचे लेसिथिन, जे पुष्कळदा सोयाबीनचे असते.
कोळंबी वगैरे: प्रॉन, श्रिम्प, क्रॅब, क्रस्टेशियन.
काजू-बदाम: कॅश्यू, आमंड, नट्स.
सल्फाइट: 220 ते 228 हे क्रमांक, बिस्किटांच्या पुड्यावर 223 हा क्रमांक पुष्कळदा आढळतो.

हिरव्या खुणेविषयी एक गैरसमज आढळतो. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो निर्धोक असल्याचे सांगत नाही. नियमाप्रमाणे अंडे मांसाहारात मोडते, म्हणून हिरव्या खुणेच्या पदार्थात अंडे घातलेले नसते, एवढेच तिच्यावरून कळते. दूध, गहू, शेंगदाणा, सोयाबीन हे सर्व हिरव्या खुणेखाली असू शकतात.

जे वेगळे सांगितलेले नसते

वरील ठरावीक यादीत हरभरा नाही, तीळ नाहीत, मोहरीही नाही. हरभऱ्याची ॲलर्जी आपल्या देशात नोंदली गेलेली आहे. आणि शेव, गाठी, फरसाण यांचा पायाच बेसन हा आहे. अशा मुलासाठी ‘कंटेन्स’ची ओळ पुरेशी नाही, घटकांची संपूर्ण यादी वाचावी लागते. मक्याच्या किंवा तांदळाच्या दिसणाऱ्या कुरकुरीत खाऊमध्येही डाळीचे पीठ असू शकते, व वरच्या मसाल्यात दुधाची भुकटी असू शकते.

तिळाची गोष्ट इतर देशांनाही अनुभवाने शिकावी लागली. इंग्लंडमध्ये 2016 साली एका किशोरवयीन मुलीने पावाचा एक पदार्थ खाल्ला. त्याच्या पिठात तीळ होते, पण वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिला तिळाची ॲलर्जी होती; त्यात तिचा मृत्यू झाला. दुकानातच तयार करून वेष्टनात ठेवलेल्या पदार्थांवरही सर्व घटक लिहिले पाहिजेत, असा नियम तेथे 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाला. अमेरिकेने 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा वेगळा सांगावयाच्या घटकांत घातला. आपल्याकडे संक्रांतीस शाळोशाळी तिळगूळ वाटला जातो व त्यात शेंगदाण्याचा कूटही असतो. तेव्हा जानेवारी महिन्यात खाऊचे दोन प्रसंग पाठोपाठ येतात, हे ध्यानात ठेवावे.

हिंगाचेही असेच आहे. बाजारात मिळणाऱ्या हिंगपुडीत पुष्कळदा मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. पेणचे पोह्यांचे पापड व मिरगुंडे प्रसिद्ध आहेत. पोहे तांदळाचे असल्यामुळे गहू न चालणाऱ्या मुलाला पोह्यांचा पापड चालेल, असे सहज वाटते. परंतु पापडात हिंग असल्यास तो कोणता वापरला, हे पाहावयास हवे. पापड बचतगटाच्या भगिनींनी केलेला असेल, तर त्यांना समक्ष विचारता येते, ही एक मोठी सोय आहे.

सुट्या मालाला तर वेष्टनच नसते. एकाच भट्टीत चणे व शेंगदाणे भाजले जातात, एकाच कढईत शेव व मसाला शेंगदाणे तळले जातात, आणि एकाच डावाने सर्व जिन्नस तोलले जातात. म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलासाठी सुटे फरसाण, सुटे फुटाणे किंवा गाडीवरची भेळ घेऊ नये. अगदी लहान पुड्यांना काही मजकुराबाबत नियमात सवलत आहे. ज्या पुडीवर घटकांची यादीच आढळत नाही, ती पुडी त्या मुलापुरती कोरी समजून बाजूस ठेवावी, किंवा ज्या मोठ्या वेष्टनातून ती आली ते दुकानदाराकडून मागून वाचावे.

स्वस्त कोणते

स्वस्त खाऊ म्हणजे पाच रुपयांची पुडी, अशी समजूत आहे. हिशेब केल्यास ती नेहमीच खरी ठरत नाही. उदाहरणादाखल, 5 रुपयांच्या पुडीत 25 ग्रॅम खाऊ असेल, तर किलोचा भाव 200 रुपये पडतो. 10 रुपयांस 40 ग्रॅम असेल, तर तो 250 रुपये होतो. तोच खाऊ 250 ग्रॅमच्या मोठ्या पुड्यात 40 रुपयांस मिळाल्यास भाव 160 रुपयांवर येतो. आता अनेक वेष्टनांवर ग्रॅममागील किंवा किलोमागील किंमतही छापलेली असते. ती पाहिली म्हणजे हा हिशेब आयताच मिळतो. मोठा पुडा घेतल्याने दुसराही लाभ होतो. त्यावर मजकूर पुरा व वाचता येईल अशा आकाराचा असतो, आणि एकदा वाचून झालेला पुडा त्या मुलाला अनेक दिवस पुरतो.

निवडीचे सूत्र असे सांगता येईल: यादी जितकी आखूड, तितका खाऊ सोपा. साधे कुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, मीठ लावलेले साधे बटाट्याचे वेफर्स, खजूर यांच्या पुड्यांवर बहुधा दोन-तीनच घटक असतात. ‘मसाला’, ‘चीज’, ‘क्रीम’ हे शब्द नावात आले, की यादी लांबते. राजगिऱ्याचा लाडू राजगिरा व गूळ एवढ्यातच होतो. पण काही ठिकाणी त्यात शेंगदाणे घालतात व तो चिक्कीशेजारीच वळला जातो. म्हणून तेथेही वाचणे टळत नाही.

एकाला जे चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही. शेंगदाणा न चालणाऱ्या मुलाला दुधाची बिस्किटे चालतील. दूध न चालणाऱ्याला ती चालणार नाहीत. म्हणून ‘ॲलर्जीवाल्यांचा खाऊ’ असा एकच पदार्थ नसतो. नाव एका मुलाचे, आणि यादी एका पुडीची, अशी जोडी जुळवूनच निर्णय करावा. शिवाय कारखानदार घटक बदलतात. मागच्या वर्षी चाललेला पुडा यंदाही वाचूनच घ्यावा. एकाच नावाच्या खाऊच्या दोन चवी असतील, तर प्रत्येक चवीची यादी निराळी वाचावी. आणि सर्व वर्गासाठी पुडीच हवी असा काही नियम नाही. केळ्याला यादी नसते. ते ज्याला बाधते असे मूल विरळा. राष्ट्रीय सणास प्रत्येकी एक केळे दिले, तर पुष्कळदा सगळाच प्रश्न सुटतो.

वर्गातील पाठ

इयत्ता चौथी व पाचवीसाठी हा पाठ दोन तासिकांत घेता येतो. परिसर अभ्यास, इंग्रजी व गणित या तिन्ही विषयांशी त्याची सांगड बसते.

साहित्य: आवारातून व दुकानाच्या परिसरातून मुलांनी गोळा केलेल्या, पुसून स्वच्छ केलेल्या रिकाम्या पुड्या. आतील चुरा राहिलेला नसावा. वर्गात ॲलर्जी असलेले मूल असल्यास पुड्या गोळा करण्याचे व हाताळण्याचे काम त्याला देऊ नये, आणि इतरांनी काम संपताच साबणाने हात धुवावेत.

पहिली तासिका: मुलांचे गट करून प्रत्येक गटास चार पुड्या द्याव्यात. पुडीवरील किंमत, वजन, मुदतीची तारीख, खूण, घटकांची यादी व ‘कंटेन्स’ हा शब्द शोधावयास सांगावे. फळ्यावर दूध, गहू, शेंगदाणा, सोयाबीन असे रकाने आखावेत व प्रत्येक गटाने आपल्या पुड्यांची नावे योग्य रकान्यात लिहावीत. एकच पुडी तीन-तीन रकान्यांत जाते, हे पाहून मुलांना नवल वाटते. पाठाचे मर्म तेच होय.

दुसरी तासिका: प्रत्येक पुडीचा किलोचा भाव मुलांनी काढावा. नंतर दुकानाचा खेळ घ्यावा. एक मूल दुकानदार, एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाजवळ चिठ्ठी असावी: ‘जवळ 20 रुपये आहेत. लहान भावाला दूध चालत नाही. खाऊ निवडा व कारण सांगा.’ कारण सांगता आले नाही, तर निवड बरोबर असली तरी अर्धेच गुण द्यावेत.

गृहपाठ: घरी असलेली एक पुडी आईला किंवा आजीला वाचून दाखवावी.

वर्गात ॲलर्जी असलेले मूल असल्यास पाठात त्याचे उदाहरण घेऊ नये. त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना मात्र, त्याच्या पालकांच्या संमतीने, दोन गोष्टी शिकवाव्यात: आपल्या डब्यातील खाऊ त्याला देऊ नये, आणि त्याला बरे वाटेनासे झाले, तर धावत येऊन गुरुजींना किंवा बाईंना सांगावे.

प्रसंग ओढवल्यास

नुसत्या थोड्या गांधी उठल्या असतील, तर मुलाला नजरेसमोर बसवावे व पालकांना कळवावे. कोकणात आमसुलाचे पाणी अंगास लावतात. खाज शमविण्यास ते लावले म्हणून बिघडत नाही. परंतु आवाज बसणे, धाप लागणे, जीभ सुजणे, मूल गळून जाणे, किंवा गांधींबरोबर वांत्या सुरू होणे, यांपैकी काहीही दिसताच घरगुती उपायांत क्षणही दवडू नये. ही तीव्र ॲलर्जी होय. तिच्यावरील पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. 108 क्रमांकास दूरध्वनी करावा व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासही कळवावे. वाहन जवळ असल्यास वाट पाहत बसू नये. मुलाला पाय किंचित उंच करून निजवावे. श्वासास त्रास होत असल्यास टेकून बसवावे. वांती होत असल्यास कुशीवर वळवावे. त्याला चालवू नये, एकदम उभे करू नये. मीठपाणी पाजून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. कोणता खाऊ खाल्ला, त्याची पुडी बरोबर न्यावी. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

डोंगरातील काही वाड्यांवर दूरध्वनी लागत नाही. कोठे उभे राहिल्यावर तो लागतो, गाडी कोणाकडे आहे, जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रेनॅलिन आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे जूनमध्ये शाळा उघडतानाच मिळवून ठेवावीत.

नोंद

हजेरीपटाच्या पहिल्या पानावर अशा मुलाचे नाव, न चालणारे पदार्थ व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंना ते तोंडी व लेखी सांगावे. जेथे लोकसहभागातून अंडे, चिक्की किंवा अन्य पूरक खाऊ दिला जातो, तेथे तर हे विसरून चालणारच नाही. शिक्षक रजेवर असता बदली शिक्षकासही ही नोंद दिसली पाहिजे.

दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठी गाव सोडतात व मुले त्यांच्यासोबत जातात. अशा मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देताना त्यावर ठळक अक्षरांत एक ओळ अवश्य लिहावी: ‘या मुलाला शेंगदाणा चालत नाही’, किंवा जे असेल ते. पुढच्या गावचे शिक्षक त्या मुलाला प्रथमच पाहत असतील. तेथेही 26 जानेवारीस खाऊ वाटला जाणार आहे.